पांढऱ्या शेपटीचा पुरावा

लताबाई मेश्राम यांच्या पिंजऱ्यात उंदीर सापडला, याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की तो त्यांच्या ओळखीचा होता.

"हाच तो," पिंजरा ओट्यावर ठेवत त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात सोडला होता ना, तोच परत आलाय."

त्यांची मुलगी संघमित्रा ऑफिसला निघायच्या घाईत उभ्या उभ्या पोहे खात होती. तिने पिंजऱ्याकडे पाहिलं आणि ताटली जरा लांब धरली. "आई, पहिले तो पिंजरा ओट्यावरून उतरव. आणि उंदीर सगळे सारखेच दिसतात."

"तुला दिसत असतील. याची नजर बघ, कशी उद्धट आहे. मागच्या वेळी पण असाच बघत होता माझ्याकडे."

लताबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात केली होती. इतकी वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता निवृत्तीनंतर आपली पाळी आहे, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. चूक आपलीही असू शकते, हा मुद्दा त्यांनी नोकरीतसुद्धा कधी मान्य केला नव्हता. बिघाड नेहमी ग्राहकाच्या बाजूला असायचा.

मुलुंडच्या पश्चिमेला, जिथे रस्ते दमून थांबतात आणि नॅशनल पार्कचा डोंगर सुरू होतो, तिथे त्यांची 'मंगलदीप' ही जुनी चार मजली इमारत होती. मागे पार्कची भिंत आणि भिंतीला टेकलेला उंबर. उजव्या हाताला 'क्रेस्ट व्ह्यू' नावाचा टॉवर. टॉवर नव्हता तेव्हा तिथे मोकळा प्लॉट होता आणि मंगलदीपची माणसं त्यातून सरळ बाजारात जायची. बिल्डर भिंत घालायला लागला, त्या दिवशी लताबाई पायाच्या खड्ड्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. उठल्या त्या भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक कबूल करून घेऊनच.

तेव्हा त्यांचे गुडघे धडधाकट होते. आता फाटकाशिवाय भाजी, औषधं, बस, काहीच शक्य नव्हतं, कारण दुसरा रस्ता म्हणजे अख्ख्या गल्लीला वळसा आणि वर चढ. शिवाय टॉवरमध्ये त्यांची मैत्रीण शुभा रेगे राहायची. संध्याकाळी फाटकातून पलीकडे जायचं, बागेतल्या बाकावर शुभाताईंशेजारी बसायचं आणि दोन्ही सोसायट्यांना नावं ठेवायची, हा लताबाईंच्या दिवसातला सर्वांत चांगला भाग होता.

आणि हेच फाटक टॉवरचे नवे सेक्रेटरी देवेश धुमाळ विटा लावून बंद करणार होते. कारण उंदीर. "मंगलदीपमधून फाटकाखालून उंदीर आमच्याकडे येतात," असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं. रविवारी क्लब हाउसमध्ये मीटिंग होती. गवंडी मीटिंगच्या आधीच सांगून ठेवला होता.

"आमच्याकडून तिकडे?" लताबाई पिंजऱ्याला विचारत होत्या. "काहून? आमच्याकडून तिकडे काहून जातील?"

आई चिडली की तिच्या बोलण्यात माहेरचं नागपूर डोकावतं, हे संघमित्राला ठाऊक होतं. ती मुकाट्याने चप्पल शोधायला लागली.

आता खरं सांगायचं तर लताबाई स्वतः उंदीर टॉवरच्या बागेतच नेऊन सोडायच्या. पण यात त्यांना एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. मुंबईत घरोघरी उंदीर पकडतात, मारायला मात्र फार थोड्यांचा हात उचलतो. कोणी गणपतीचं वाहन म्हणून मारत नाही, कोणी नुसतंच धजत नाही. लताबाई रोज सकाळी पंचशील म्हणायच्या, आणि त्यातलं पहिलं, जीवहिंसा न करण्याचं शील म्हणून झाल्यावर उंदराला विष घालणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. मग पिंजरा कापडी पिशवीत घालायचा, चेहऱ्यावर भाजीला निघाल्याचा भाव आणायचा आणि उंदीर लांब नेऊन सोडायचा. लांब म्हणजे दुसऱ्याच्या दारात.

"मी सोडते ते त्यांचेच असतात," हा लताबाईंचा सिद्धान्त होता. "ते पकडून इकडे पाठवतात, मी परत करते. पाहुणा घरी पोचवायला नको?"

"आणि हे तू सिद्ध कसं करणार? उंदराकडे आधार कार्ड आहे का?" संघमित्रा म्हणाली आणि निघून गेली.

मुलीने हे थट्टेत म्हटलं होतं. लताबाईंनी ते मनावर घेतलं. नातीच्या पीटीच्या बुटांना लावायच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली फडताळात होती, तोंडाला स्पंज असलेली. उंदराची शेपटी पिंजऱ्याच्या तारांतून बाहेर लोंबत होती. लताबाईंनी चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि शेपटीचा टोकाकडचा अर्धा भाग शाळेच्या तपासणीला जायचा असावा इतका पांढराशुभ्र केला. उंदराने मान वळवून पाहिलं. नजर अधिकच उद्धट झाली.

"बघू आता कोण कोणाकडे येतं," त्या म्हणाल्या.

पॉलिश वाळल्यावर पिंजरा पिशवीत गेला. फाटकात देवेशच्या आई मालनबाई समोरून आल्या. मंगलदीपच्या अंगणातली जास्वंद त्या गणपतीला न्यायच्या. मुलाशी वैर असलं तरी लताबाईंनी त्यांना फुलांना कधी नाही म्हटलं नव्हतं. दोघींच्याही हातात कापडी पिशव्या होत्या. "भाजीला?" "हो. फुलांना?" "हो." एवढं बोलून दोघी आपापल्या वाटेने गेल्या. उंदीर टॉवरच्या बागेत, कर्दळीच्या वाफ्यात सुटला.

शनिवारी सकाळी लताबाईंनी मागच्या बाल्कनीतला पिंजरा पाहिला आणि इतक्या जोरात हाक मारली की संघमित्रा दात घासायचा ब्रश तोंडात घेऊनच धावत आली.

पिंजऱ्यात उंदीर होता. शेपटी टोकाकडे अर्धी पांढरीशुभ्र.

"आला की नाही? आला की नाही?" लताबाईंचा आनंद गगनात मावत नव्हता. "त्या देवेशने पकडला आणि इकडे आणून सोडला. आता बोल म्हणावं!"

संघमित्राने वाकून पाहिलं. "आई, हा जरा वेगळा वाटतोय. कान मोठे झालेत याचे."

"टॉवरचं खाणं चांगलं असेल."

"डोळे पण केवढे आहेत. आणि पोट पांढरं. पोटाला पण लावलं होतंस पॉलिश?"

"सांडलं असेल."

"आणि हा किती सभ्य बसलाय गं. नजर अजिबात उद्धट नाही."

"पकडला गेल्यावर सगळेच सभ्य होतात," लताबाई म्हणाल्या आणि विषय संपला. रविवारपर्यंत पुराव्याला काही व्हायला नको म्हणून त्यांनी त्याला पावाचा तुकडा आणि शेंगदाणे घातले. पुराव्याने शेंगदाणे खाल्ले आणि पाव तसाच ठेवला.

रविवारी क्लब हाउस भरलं होतं. देवेश धुमाळ ट्रॅकपँट घालून, लॅपटॉप लावून उभे होते. पडद्यावर फाटकाचा फोटो होता आणि त्यावर लाल बाण. खिडकीबाहेर गवंडी फाटकाजवळ विटा उतरवत होता. लताबाई आत आल्या, वेफर्सची बशी सरकवली आणि टेबलावर पिंजरा ठेवून वरची पिशवी काढली. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या आपोआप मागे सरकल्या.

"हा काय प्रकार आहे मॅडम?" देवेश म्हणाले.

"पुरावा. हा उंदीर मी माझ्या हाताने रंगवला आणि या बागेत सोडला. शनिवारी हा माझ्या पिंजऱ्यात सापडला. म्हणजे तुमच्यातल्या कोणीतरी पकडून तो आमच्याकडे आणून टाकला. उंदीर तुमचे आहेत. तुमचेच राहतील. फाटकाला हात लावायचा नाही!"

लताबाई टाळ्यांची वाट पाहत होत्या. देवेशनी पिंजऱ्याकडे पाहिलं, शेपटीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"मॅडम, थँक यू. खरंच थँक यू."

"थँक यू कशाला?"

"आम्ही कोणी पकडला नाही, आणि नेऊन टाकलाही नाही. तुम्ही इथे सोडला आणि तो स्वतः चालत तिकडे गेला. मग त्याचा रस्ता कुठला? भिंत तर पक्की आहे." त्यांनी पडद्यावरच्या लाल बाणावर बोट ठेवलं. "फाटक! मी गेला महिनाभर हेच सांगतोय, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. तुम्ही तो घरून डबा आणावा तसा आणून दिलात."

आता टाळ्या वाजल्या, पण त्या देवेशना. तक्रार विभागातल्या सगळ्या नोकरीत लताबाईंवर अशी वेळ आली नव्हती. आपणच आपल्या फाटकाची वाट लावली, हे त्यांच्या लक्षात आलं. बाहेर गवंडी वाळू चाळत होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून शुभाताई रेगे उठल्या. त्यांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं आणि मीटिंगमध्ये त्या एरवी झोपायच्या. त्या पिंजऱ्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक तारांना लागेपर्यंत वाकल्या.

"लता, हा तुझा उंदीर नाही."

"काय म्हणजे? मी रंगवलाय ना!"

"रंगवला असशील दुसरा. तू पकडतेस तो आपला घरातला उंदीर. तो काय, जहाजांतून जगभर पोचलाय, जिथे माणूस तिथे तो. त्याची शेपटी वरपासून खालपर्यंत काळपट. हा बघ. हे कान, हे डोळे, हे पांढरं पोट. हा पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर. जंगलात राहतो, झाडाच्या ढोलीत नाहीतर खडकाच्या कपारीत. याला शेपटी अशीच येते, जन्मतः."

"पण हा आहे कोण? नाव पण नाही ऐकलं," पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं.

"कसं ऐकशील? तो तुमच्या फ्लॅटमध्ये येऊन बिस्किटं खात नाही ना! आयुष्यभर गप्प राहून आपलं आपलं जगतो, त्याला विचारतंय कोण?" शुभाताई आता वर्गात उभ्या होत्या.

"म्हणजे पार्कातला? बिबट्याच्या एरियातला?" एकाने विचारलं, आणि जे लोक मघाशी मागे सरकले होते तेच आता मोबाइल काढून पुढे आले. झकास फोटो येत होता. साध्या उंदराबरोबर कोणी सेल्फी काढला नसता.

शुभाताईंनी लताबाईंना बाजूला घेतलं. "अगं, हा पार्कातला म्हणजे मागच्या भिंतीवरून उंबरावर आणि उंबरावरून तुझ्या बाल्कनीत आला. फाटकाचा संबंधच नाही. देवेशचा मुद्दा गेला! फक्त तुला उभं राहून सांगावं लागेल, की तुझी ओळखण्यात चूक झाली."

"ते सोडून दुसरं काही?"

"लता!"

"काहून सांगू? मी स्वतः स्टुलावर बसून शेपटी रंगवली आहे. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला नको सांगू."

"गुडघे बघ स्वतःचे! गल्लीला वळसा घालून येणार आहेस रोज माझ्याकडे? चूक म्हण आणि मोकळी हो."

लताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. विटांची थप्पी फाटकाच्या कडीपर्यंत आली होती. रिकाम्या बाकावर एकट्या बसलेल्या शुभाताई त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या आणि त्यांना खरोखर रडू यायला झालं. पण 'चूक' हा शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा. इतकी वर्षं त्याला तीच सवय होती.

"धुवा," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय धुवा?"

"शेपटी धुवा. सगळ्यांसमोर. बुटाचं पॉलिश आहे, पाण्याने जातं. गेलं तर माझा उंदीर. नाही गेलं तर…" त्या थांबल्या. "नाही गेलं तर सगळ्यांना दिसेलच."

क्लब हाउसच्या पँट्रीतून भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि नवा स्पंज आला. शुभाताईंनी तारांतून शेपटी अलगद बाहेर घेतली. साबण लावला, पाणी सोडलं, नॅपकिनने टिपलं. रानउंदीर हा सगळा अपमान मान खाली घालून सोसत होता. शेपटी जराही काळी झाली नाही. उलट धूळ गेल्यामुळे मघापेक्षा पांढरी दिसायला लागली.

"बघा," शुभाताई म्हणाल्या. "फाटकाचा प्रश्न मिटला."

पण देवेश इतक्यात हरणारे नव्हते. "एक मिनिट यार! हा जंगलातला, मान्य. मग मॅडमचा रंगवलेला उंदीर कुठे आहे? तो आहे की नाही? की असं काही रंगवलंच नव्हतं, आणि आमच्या सोसायटीवर नुसता खोटा आरोप केला? फाटक बंद होणार. गवंडी आलाय, विटा आल्यात."

"मी खोटं बोलते?" लताबाईंचा आवाज चढला. "देवेश, बाळा, चुकीचा उंदीर आणला असेल मी, पण खोटा नाही आणला!"

आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. शुभाताईंच्या मात्र आलं, आणि त्या चकित होऊन मैत्रिणीकडे बघत राहिल्या.

त्याच वेळी क्लब हाउसचं दार उघडलं आणि मालनबाई आत आल्या. मीटिंगबिटिंग त्यांच्या गावी नव्हती. "देवेश, त्या गवंड्याला सांग आधी. फाटकाला विटा लावून बसलाय. मला पलीकडे जायचंय."

"आई, आत्ता कुठे निघालीस?"

"फुलं आणायला."

त्यांच्या हातातली पिशवी हलली. सगळ्यांनी पाहिलं. मालनबाईंनी ती पाठीमागे नेली, तर आतली फुलं चीं चीं करून ओरडली.

लताबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून उठल्या. त्यांनी पिशवीचा काठ दोन बोटांनी उचलून आत पाहिलं. आत पिंजरा होता. पिंजऱ्यात काळपट उंदीर. त्याच्या शेपटीवर पांढरे पोपडे होते, निम्म्याहून जास्त चाटून टाकलेले. त्याने मान वर करून लताबाईंकडे पाहिलं.

"हाच तो!" लताबाई ओरडल्या. "नजर बघा! मी म्हटलं नव्हतं?"

देवेशचा चेहरा पडला. "आई… हा कुठे सापडला?"

"कुठे म्हणजे? आपल्या हॉलमध्ये, तुझ्या त्या नव्या सोफ्याखाली."

"आणि तू तो मंगलदीपमध्ये सोडायला निघालीस?"

"मग काय करू, मारू?" मालनबाई कमरेवर हात ठेवून भर सभेत उभ्या राहिल्या. "मंगळवारी गणपतीला मोदक दाखवायचा आणि रविवारी त्याच्या वाहनाला विष घालायचं? माझ्याच्याने व्हायचं नाही. मी दर वेळी तिकडेच सोडते, जास्वंदीच्या मागे. तुला आज कळलं? आणि फाटक बंद करतोयस ना, मग सांग, उंदीर सोडायला मी जाऊ कुठून? गल्लीला वळसा घालून? माझे गुडघे कोण धरणार, तू?"

पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी पर्सचा बंद सारखा केला. कमिटीचे खजिनदार छताकडे बघत होते. एका गृहस्थांनी आपल्या बायकोकडे पाहिलं आणि बायकोने त्यांना गप्प बसायची खूण केली. फाटक बंद झालं तर नेमकी काय अडचण होणार आहे, हे एकेकाच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटायला लागलं.

"मला वाटतं," खजिनदार घसा खाकरून म्हणाले, "फाटकाचा विषय घाईने घेऊ नये."

"हो हो. हेरिटेज आहे ते एक प्रकारचं," कोणीतरी म्हणालं.

फाटक उघडं ठेवण्याचा ठराव एकमताने पास झाला. कारण काय लिहायचं यावर मात्र एकमत होईना, म्हणून ते लिहिलं नाही. देवेशनी लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन गवंड्याला विटा परत भरायला सांगितल्या. गवंड्याने त्यांच्याकडे पाहिलं ते आदराने नव्हे.

संध्याकाळी लताबाई, शुभाताई आणि संघमित्रा मागच्या भिंतीजवळ गेल्या. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर रानउंदीर क्षणभर उंबरठ्यावर थांबला, मग उंबराच्या खोडावर सरसर चढला. पानांच्या अंधारात तो दिसेनासा झाला तरी शेपटीचं पांढरं टोक थोडा वेळ दिसत होतं. मग तेही भिंतीपलीकडे गेलं.

"आई," संघमित्रा हळूच म्हणाली, "आता तरी एकदा म्हण ना, की तुझी चूक झाली. आपल्या तिघींतच राहील."

"कसली चूक? उंदीर टॉवरचे होते की नाही? होते. पकडून इकडे सोडत होते की नाही? होते. मी ओळखला की नाही? ओळखला."

"आणि हा?"

"हा मधेच आला," लताबाई म्हणाल्या. "त्याला मी बोलावलं नव्हतं."

शुभाताईंनी त्यांचा हात धरला आणि दोघी फाटकातून बाकाकडे चालायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात लताबाईंच्या पिंजऱ्यात पुन्हा उंदीर सापडला, अनोळखी होता. त्यांनी पिशवी घेतली आणि फाटकापाशी आल्या. पलीकडून मालनबाई येत होत्या, हातात पिशवी. फाटक लहान, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. दोघी थांबल्या.

"भाजीला?" मालनबाईंनी विचारलं.

"हो. तुम्ही फुलांना?"

"हो. यंदा जास्वंद छान धरलीय हो तुमची."

"न्या की. तुमचीच आहे. या, तुम्ही आधी."

मालनबाई आत आल्या. बाजूने जाताना त्यांनी पिशवीचा काठ जरासा उघडून धरला. लताबाईंनी वाकून आत पाहिलं.

"ओळखलंत?" मालनबाई म्हणाल्या.

"न ओळखायला काय झालं," लताबाई म्हणाल्या. "अजून तसाच बघतोय मेला."